साडेअठरा हजारात बेडरूम, त्यातले चार हजार पावसात गेले

बेडरूम मे महिन्यात केली आणि रिव्ह्यू तेव्हाच लिहायला बसले होते, पण नवरा म्हणाला एक पावसाळा जाऊ दे मग लिही. बरं झालं ऐकलं त्याचं, कारण मे मध्ये ज्या ज्या वस्तूंना मी पाचपैकी पाच देऊन मोकळी झाले असते त्यातल्या निम्म्या आता माळ्यावर आहेत, एक तर भंगारवाल्याने पण नको म्हणून परत केली. तर आता ऑक्टोबर चालूये, पाच महिने वापरून झालंय, आता लिहिते.

आधी घर सांगते म्हणजे अंदाज येईल. नाशकात इंदिरानगरला भाड्याचा वन बीएचके, दुसरा मजला, बेडरूम 10 बाय 12, पश्चिमेला सहा फुटी खिडकी. घरमालक काका स्वभावाने चांगले पण भिंतीला खिळा दिसला की त्यांना स्वतःलाच टोचल्यासारखं होतं. खूप विनवण्या करून पडद्याच्या रॉडसाठी होल आणि एक भिंत रंगवायची एवढी परवानगी मिळाली. बजेट 15 हजार, गादी सोडून, कारण गादी लग्नात घेतलेली होती आणि तीच आत्तापर्यंत जमिनीवर टाकून झोपत होतो. झाले साडेअठरा.

जे वाया गेलं ते आधी सांगून टाकते म्हणजे जीव हलका होईल. एप्रिलमध्ये रात्री जागून जागून मोबाईलवर त्या सुंदर सुंदर खोल्या बघायचे, सगळं पांढरं, वेली लोंबतायत, बारीक लाइट लुकलुकतायत, आणि त्या भरात ऑनलाइन चार गोष्टी मागवल्या. चिकटवायचा वॉलपेपर 1,300 चा, लाइटच्या माळा 350, प्लॅस्टिकच्या वेली 400 आणि एक गोंडस बेडसाइड टेबल 1,899 ला. कंपनीचं नाव घेत नाही, त्यांनी वस्तू फोटोत होती तशीच पाठवली, अक्कल माझीच कमी पडली.

वॉलपेपर खिडकीशेजारच्या भिंतीला लावला. आता भाड्याच्या घरातल्या भिंतीला डिस्टेंपर असतो बहुतेक, हात फिरवला की पांढरी पावडर तळहाताला लागते. त्या पावडरीवर गोंद काय धरणार? मे मध्ये धरला, जूनच्या शेवटी एका कोपऱ्यातून जीभ बाहेर काढल्यासारखा सुटायला लागला, मी हेअर ड्रायरने गरम करून परत दाबला, परत सुटला, आणि ऑगस्टमध्ये एक दिवस दुपारी झोपलेले असताना फर्रर्र आवाज करत अर्धी शीट स्वतःहूनच खाली आली. मागे बघितलं तर भिंतीवर काळे ठिपके, बुरशी. वरून प्लॅस्टिकचा थर, आत भिंतीची ओल, जाणार कुठे बिचारी. ते सगळं खरवडून, ब्लिचिंगच्या पाण्याने पुसून, चार दिवस पंखा लावून वाळवत बसले. पश्चिमेची भिंत असेल आणि वरून पाऊस मारत असेल तर हा प्रकार फुकट मिळाला तरी घेऊ नका.

टेबलची गोष्ट अजून वाईट. ते पार्टिकल बोर्डचं होतं, म्हणजे लाकडाचा भुसा गोंदात दाबून वरून लाकडासारखा दिसणारा कागद. रोज रात्री पाण्याचा तांब्या ठेवायचो, त्याच्या बुडाला जे दव जमतं तेवढ्यानेच कडेची पट्टी सुटली आणि आतला भुसा पावासारखा फुगला. हो तेच भंगारवाल्याने परत केलं. माझ्या मामेभावाला प्लायमधलं कळतं, तो म्हणाला अगं 1,900 मध्ये तुला टेबल नाही टेबलाचा फोटो मिळालाय, साध्या एमआर ग्रेडच्या प्लायचा तुकडा घेतला असतास तरी पाच वर्षं गेली असती. एमआर म्हणजे दमट हवा सोसणारा, त्यावर आयएस 303 चा शिक्का असतो आणि बाथरूम किचनसाठीचा तो आयएस 710 वाला, तो महाग. बेडरूमला 303 पुरतो. वेलींवर धूळ बसते आणि धुतल्या की रंग जातो. लाइटच्या माळा अजून चालू आहेत पण आता गणपतीत वापरतो.

तर हे 3,949 रुपये गेले. बाकीचे 14,500 मात्र वसूल. आणि ते जवळजवळ सगळे रविवार कारंजा ते दहीपूल ते भद्रकाली ह्या एवढ्याशा पट्ट्यात खर्च झालेत.

पडद्यांपासून सुरू करते कारण खोलीत पाऊल टाकल्यावर लोक पहिले त्याच्याबद्दलच विचारतात. मेनरोडच्या एका आतल्या बोळात जुनं दुकान आहे कापडाचं, पाटी पण नीट वाचता येत नाही, गल्ल्यावर साठीचे काका. गाडी घेऊन जाऊ नका, मेनरोडला पार्किंग शोधण्यात निम्मा उत्साह जातो, शालिमारला उतरून चालत जा. मी गेले आणि म्हणलं काका खिडकी सहा बाय पाच आहे, पडदे पाहिजेत. काकांनी मान पण वर केली नाही.

"खिडकीचं माप कोण मागतंय? रॉड कुठं लावणार ते सांग."

"खिडकीच्या वरच, चार बोटं सोडून."

"छत किती उंच?"

"साडेनऊ असेल."

"मग सव्वाआठला रॉड लाव, दोन्ही बाजूला तीन-तीन इंच बाहेर काढ, आणि पडदा पार फरशीपर्यंत सोड. खिडकीएवढा पडदा लावला की खोली टॉवेल गुंडाळल्यासारखी दिसते."

टॉवेल गुंडाळल्यासारखी! एवढं परफेक्ट वर्णन मी आमच्या आधीच्या घराचं कधी ऐकलं नव्हतं. मग त्यांनी मागच्या बिलाच्या पाठीवर गणित मांडलं: साडेसहा फूट रॉड, चुण्या नीट पडायच्या तर कापड रुंदीला दुप्पट, म्हणजे 13 फूट, आणि कापडाचा पन्ना 54 इंच, म्हणजे तीन पडदे. उंचीला सव्वाआठ फूट, वर आयलेटची म्हणजे रॉड ओवायच्या कड्यांची दुमड, खाली सहा इंच दुमड, थोडं आटेल म्हणून सोडायचं, असं तिन्हीचं मिळून साडेआठ मीटर. खालची दुमड जाड पाहिजे हे मला माहितीच नव्हतं, त्याच्या वजनाने पडदा सरळ पडतो, रेडीमेडला इथेच एक इंच दुमडून कापड वाचवतात आणि मग ते वाऱ्याने परकरासारखे उडत राहतात.

मला शुद्ध कॉटन पाहिजे होतं. काकांनी कॉटन दाखवलं आणि लगेच बाजूला ठेवलं. म्हणाले पश्चिमेचं ऊन आहे, दोन उन्हाळ्यात रंग उतरेल आणि धुतलं की वर चढेल, मिक्स घे. मी म्हणलं मिक्स म्हणजे चकचकीत दिसेल, तर त्यांनी एका ठाणाच्या काठातून दोरा ओढला आणि उदबत्तीच्या काडेपेटीने पेटवला. दोरा थोडा जळला, कागद जळाल्यासारखा वास आला आणि टोकाला बारीक कडक मणी झाला. "राख म्हणजे कॉटन, मणी म्हणजे पॉलिस्टर, हे दोन्ही आहे, बघ हात लावून." हात लावला तर खादीसारखं खरखरीत, रंग कच्च्या शेंगदाण्याचा. 220 रुपये मीटरने घेतलं, 1,870. शिलाई आयलेटसकट एका पडद्याला 180, ती त्यांच्याच ओळखीच्या टेलरकडून, आणि रॉड 650. एकूण 3,060. ऑनलाइन एवढ्या उंचीचे तीन पडदे बघितले होते तर साडेपाचच्या खाली काही नव्हतं.

एकच तक्रार, टेलरने तिसरा पडदा अर्धा इंच आखूड शिवलाय. तो कोपऱ्यात ढकललाय, आता तुम्ही आमच्याकडे आलात तर तुम्हाला तोच दिसेल हे पण मला माहितीये.

आता पलंग. माझं माहेर निफाडकडचं. तिकडे मागच्या खोलीत आजीचा सागवानी पलंग पडून होता, त्यावर द्राक्षाच्या सीझनमध्ये कागद आणि रिकामे क्रेट ठेवायचे. वरून पार काळा, चिकट, कुठे कुठे चुन्याचे डाग. पण आई म्हणाली नखाने खरवडून बघ, खरवडलं तर आत मधासारखा पिवळा. नवीन सागवानी पलंगाच्या किमती ज्यांनी विचारल्यात त्यांना कळेल की मी त्याच दिवशी छोटा हत्ती का ठरवला, 1,400 रुपये भाडं, सोबत आईने दिलेली कांद्याची अर्धी गोणी.

घरी आणला, जोडला, गादी टाकली, आणि गादी बसेचना. म्हणजे रुंदी बरोबर सहा फूट, पण लांबीला पलंग आतून सव्वासहा फूट म्हणजे 75 इंच आणि आमची गादी 78 इंचाची. तीन इंच! उशाची पाटी आणि पायाची पाटी यांच्यामध्ये गादी अशी कमान करून बसलेली, त्यावर मांजर तेवढं झोपलं असतं. बाजारात 72, 75, 78 अशा सगळ्या लांबीच्या गाद्या मिळतात आणि जुने पलंग बरेचदा सव्वासहाचेच असतात, हे नंतर कळलं. तुम्ही जुना पलंग घेणार असाल, वडिलोपार्जित असो नाहीतर सेकंडहँड, तर टेप घेऊनच जा आणि आतलं माप घ्या, बाहेरचं नाही.

सुतारकाकांनी बघितलं आणि म्हणाले दोन उपाय, नवी गादी घ्या नाहीतर पायाची पाटी बाजूच्या पट्टीच्या लेव्हलला कापा, गादी तिच्यावरून तीन इंच पुढे येईल, काही होत नाही. आईला फोन केला. आजीच्या पलंगाला करवत लावायची म्हणजे विचारायलाच पाहिजे. आई दोन मिनिटं काही बोललीच नाही, मग म्हणाली, "अगं, तिच्यावर पाय आपटून आपटून तुझ्या मामाचं नख गेलं होतं, काप." कापली. 1,200 घेतले काकांनी पण वरून निघालेल्या फळीचं तिथेच एक छोटं स्टूल करून दिलं, तेच आता बेडसाइडला आहे, तांब्या ठेवते, दव जमतं, काही होत नाही.

पॉलिश अर्धं मी केलं अर्धं चाचांनी. घासायचं काम माझं, पॉलिशपेपर 80 नंबरने काळं काढायचं, मग 120, मग 220, सगळं लाकडाच्या रेषेच्या दिशेने, आडवं घासलं की ओरखडे पॉलिशनंतर उठून दिसतात. तीन दिवस गॅलरीत बसून घासलं, मास्क लावून, तरी रात्री नाकातून काळंच निघायचं. पेपर, स्पिरिट, चिंध्या मिळून 900. पुढचं भद्रकालीतल्या पॉलिशवाल्या चाचांनी केलं, चपडी लाख स्पिरिटमध्ये विरघळवून, कापसाची पुरचुंडी करून, हात असा आठच्या आकड्यासारखा फिरवत. चार हात मारले, मध्ये वाळू द्यायचं. मी त्यांना आधी जूनमध्ये बोलावत होते तर ते म्हणाले, "बेटा, बारिश में लाख सफेद पडती है," म्हणजे हवेत ओल असली की पॉलिशवर पांढरट धुकं येतं. म्हणून मे च्या शेवटच्या आठवड्यात उरकलं. 2,500. पलंगाचे सगळे मिळून 6,000 गेले आणि खोलीत सगळ्यात महाग दिसणारी वस्तू तीच आहे. लाखेवर गरम चहाचा कप ठेवू नका फक्त, पांढरं वर्तुळ उमटतं. नवऱ्याने ठेवला. उमटलंय.

रंगाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. उशाकडची एक भिंत, एशियन पेंट्सचा ट्रॅक्टर इमल्शन दोन लिटर, मशीनवर शेड काढून. आधी डिस्टेंपर खरवडून प्रायमर मारावाच लागतो नाहीतर वॉलपेपरसारखीच गत. प्रायमर, रोलर, चिकटपट्टी सगळं धरून 1,150. शेड दुकानातल्या ट्यूबलाइटखाली निवडू नका, कार्ड घरी आणून संध्याकाळी भिंतीला लावून बघा, आणि ओला असताना फिका वाटला तर घाबरू नका, वाळल्यावर गडद होतो. मी मातकट विटकरी घेतला, सासूबाई बघून म्हणाल्या सारवल्यासारखं वाटतंय, मी ते कौतुक म्हणून घेतलं. आणि हो मॅट घ्या, चमकणाऱ्या रंगात जुन्या भिंतीचे सगळे खड्डे दिसतात.

लाइट! ह्याच्यावर खरं तर वेगळं लिहायला पाहिजे. 610 रुपयात खोली बदलली, बाकी काही करू नका पण हे करा. आपल्याकडे सगळ्या खोल्यांत तो पांढरा 6500 केल्विनचा बल्ब असतो, दवाखान्यासारखा, त्यात विटकरी भिंत पण आजारी दिसते. बल्बच्या खोक्यावर वॉर्म व्हाइट नाहीतर 3000 के लिहिलेलं बघून घ्या, 9 वॉटचे दोन घेतले, 120 चा एक. आणि शेड म्हणून गंगेवरच्या (आम्ही गोदावरीला गंगाच म्हणतो) बुधवारच्या बाजारातून बांबूची टोपली आणली, 150 ला, भाकरी ठेवतात तसली. बुडाला मधोमध भोक पाडून होल्डर अडकवला, होल्डर, वायर आणि स्विच मिळून 220. आता रात्री दिवा लावला की टोपलीच्या विणीची सावली सगळ्या छतावर पडते, जाळीजाळीची, आणि पंखा चालू असला की ती सावली हळूच हलते. माझी नणंद पहिल्यांदा आली तेव्हा ती पाठ टेकून अर्धा तास छताकडेच बघत होती, आणि मग म्हणाली वहिनी ही किती हजारांची. टोपली विकणाऱ्या मावशींना मी पुढच्या बुधवारी जाऊन सांगितलं की लाइटला लावली तर त्या हसून म्हणाल्या मग भाकरी कशात ठेवता. एलईडीच लावा फक्त त्यात, जुना पिवळा बल्ब तापतो, बांबू करपेल.

आरसा भाड्याच्या घरात टांगता येत नाही म्हणून उभा टेकवायचा केला. रेडीमेड उभे आरसे चार-पाच हजाराच्या पुढे, मी काचवाल्याकडून दीड बाय पाच फूट काच कापून घेतली आणि फ्रेमवाल्याकडून मागे प्लाय लावून लाकडी पट्टी, 1,650. खिडकीसमोर ठेवलाय, दुपारी खोली दुप्पट वाटते. खाली रबराच्या पट्ट्या लावा, नाहीतर फरशीवरून सरकतो, माझा एकदा दोन इंच सरकला तेव्हा मी आतून ओरडले होते.

अंथरुण-पांघरुण 1,850 चं. एक साधी पांढुरकी कॉटनची बेडशीट 1,100 ची आणि पायाकडे घडी करून टाकायला सोलापुरी चादर, 750. त्या फोटोतल्या खोल्यांमध्ये पायाकडे जे काही थ्रो का काय असतं ना, ते म्हणजे आपली चादरच, फक्त घडी नीट घालायची. मरून आणि काळ्या रंगाची भौमितिक नक्षी, विटकरी भिंतीसमोर अशी काय दिसते. खरी ओळखायची तर दोन्ही बाजू बघा, जॅकार्ड म्हणजे नक्षी विणायच्या मागावर विणलेली असते त्यामुळे नक्षी मागच्या बाजूला रंग उलटे होऊन दिसते, छापलेली असेल तर मागे फिकट. आणि निफाडची थंडी खाल्लेल्या माणसाला सांगायची गरज नाही पण डिसेंबरमध्ये ती शोभेची राहणार नाही, रात्री दोघांची ओढाओढ होणार. गंगापूर रोडच्या बाजूच्या नर्सरीतून एक स्नेक प्लांट 180 ला आणलाय, मी आठवडा आठवडा पाणी विसरते तरी जिवंत आहे, त्या प्लॅस्टिकच्या वेलींपेक्षा बरा.

स्टार द्यायचे तर पडद्यांच्या दुकानाला साडेचार, अर्धा त्या आखूड पडद्याचा कापला. चाचांना पाच. सुतारकाकांना पण पाच, तीन वेळा उद्या येतो म्हणून चौथ्या दिवशी आले तरी. ऑनलाइनच्या चारही वस्तूंना मिळून एक, तो पण गणपतीत माळा चालल्या म्हणून.

आणि एक राहिलंच. सप्टेंबरपासून डास एवढे झालेत की ह्या सगळ्याच्या मधोमध, आजीच्या सागवानी पलंगावर, सोलापुरी चादरीवर, टोपलीच्या सावलीखाली, मेडिकलच्या शेजारच्या दुकानातून आणलेली फोल्डिंगची निळी मच्छरदाणी उभी असते. फोटो काढताना ती मी गॅलरीत ठेवते. खिडकीला जाळी बसवायची तर घरमालक काकांना परत होल विचारायला लागतील, आणि मध्ये ते पाणीबिलाचं सांगायला आले तेव्हा दारातून खोली बघून "छान केलंय हं तुम्ही" म्हणाले, ते कौतुक होतं की मार्चमध्ये ॲग्रीमेंट रिन्यू करतानाची तयारी, ह्याच्यावर आमची अजून घरात चर्चा चालूये. कोणाला पडद्याच्या आतून बसणारी, होल न पाडता लागणारी जाळी नाशकात कुठे मिळते माहिती असेल तर सांगा, खिडकी सहा बाय पाच, ह्या वेळी माप खिडकीचंच लागेल.